शपथेवरचे खोटे

चित्रपटांतील कोर्टाचा देखावा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, लाल फडक्यात गुंडाळलेली गीता पुढे केली जाते, तिच्यावर हात ठेवून तो ‘खरे तेच सांगेन’ म्हणतो आणि पुढच्याच क्षणी बेधडक खोटे बोलू लागतो. तो खोटे बोलत आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते, वकिलाला संशय असतो, न्यायाधीशांची मुद्रा गंभीर होते. पण साक्ष संपली की तो माणूस पिंजऱ्यातून उतरून निघून जातो. मग त्या शपथेचे झाले काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

शपथ घेऊन खोटे बोलणे हा गुन्हा आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते. परंतु कायद्याच्या दृष्टीने खोटे कशाला म्हणायचे, चुकीचे बोलणे आणि खोटे बोलणे यांत फरक कोणता आणि गुन्हा असूनही शिक्षा क्वचितच का होते, याविषयी सुशिक्षितांतही पुष्कळ गैरसमज आहेत. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण म्हणतो. पण साक्षीदार म्हणून ती पायरी कोणावर कधी चढायची वेळ येईल हे सांगता येत नाही. शिवाय कोर्टात न जाताही आपण अनेकदा शपथेवर लिहून देत असतो. तेव्हा हा विषय वकिलांपुरता मर्यादित नाही.

दिव्यापासून प्रतिज्ञेपर्यंत

प्रथम गीतेची गोष्ट. धर्मग्रंथावर हात ठेवल्यावाचून साक्ष होत नाही, असा आपल्या कायद्यात कोठेही नियम नाही. आज लागू असलेला शपथविषयक कायदा १९६९ सालचा आहे. त्याप्रमाणे साक्षीदाराने ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी किंवा ईश्वराचा उल्लेख न करता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोन्हींचे मोल सारखेच. नास्तिकाची साक्ष आस्तिकाच्या साक्षीपेक्षा हलकी ठरत नाही. आपल्या समाजात रूढ असलेल्या एखाद्या पद्धतीने शपथ घेण्याची कोणाची इच्छा असेल, तर न्यायालय तशी परवानगी देऊ शकते. पण ती मुभा आहे, सक्ती नव्हे.

येथवर यायला बराच काळ लागला. मराठी मुलखात वतनाचे आणि वडीलपणाचे तंटे गोतसभेपुढे येत, तेव्हा साक्षीदाराला देवळात किंवा नदीकाठी उभे करून, बेलभंडार हाती देऊन बोलते करीत. साक्षी आणि कागद यांनी निवाडा होईना, की दिव्याची पाळी येई. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, त्याला ‘रवा काढणे’ म्हणत. मग तो हात पिशवीत बांधून तिच्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचा. हात शाबूत तर माणूस खरा, पोळला तर खोटा. खोट्याला शासन करण्याचे काम प्रत्यक्ष देवच करील, या श्रद्धेवर ही सारी व्यवस्था उभी होती.

कंपनी सरकारच्या न्यायालयांतही हिंदू साक्षीदाराच्या हाती गंगाजळ आणि मुसलमान साक्षीदाराच्या हाती कुराण देण्याची रीत होती. पुष्कळ भाविक माणसांना कोर्टासारख्या जागी असली शपथ घेणे हाच अधर्म वाटे आणि त्या भीतीने ती साक्षीलाच येत नसत. म्हणून १८४० सालच्या पाचव्या कायद्याने ही सक्ती काढून टाकण्यात आली व प्रतिज्ञेची पद्धत सुरू झाली. तरी १८७३ च्या शपथ कायद्यात जुन्या समजुतीची एक खूण उरलीच होती. ‘माझ्या प्रतिपक्षाने अमुक प्रकारे शपथ घेतली तर त्याचे म्हणणे मला मान्य’, असे पक्षकार सांगू शकत असे, आणि प्रतिपक्षाने तशी शपथ घेतली की त्याचे म्हणणे त्या पक्षकाराविरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. १९६९ च्या कायद्यात ही तरतूद उरली नाही.

याच कायद्यातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शपथ द्यायची राहून गेली किंवा तिच्या विधीत काही चूक झाली, तरी साक्ष बाद होत नाही आणि खरे बोलण्याचे बंधनही सुटत नाही. बारा वर्षांखालील मुलाला खरे बोलले पाहिजे एवढे कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही, असे न्यायालयाला वाटले, तर त्याला शपथ न देताच त्याची साक्ष घेता येते. म्हणजे बंधन शपथेच्या शब्दांतून उत्पन्न होत नाही. न्यायालयापुढे साक्ष देणाऱ्या प्रत्येकावर ते कायद्यानेच असते. शपथ त्याची जाहीर आठवण करून देते.

खोटे कशाला म्हणावे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या १९१ व्या कलमात खोट्या साक्षीची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या २२७ व्या कलमात तीच व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. तिचा आशय असा : खरे सांगण्यास शपथेने किंवा कायद्याने बांधलेल्या माणसाने असत्य विधान केले, आणि ते असत्य आहे हे त्याला माहीत असेल, किंवा ते असत्य आहे असे त्याला वाटत असेल, किंवा ते सत्य आहे असे त्याला वाटत नसेल, तर त्याने खोटी साक्ष दिली.

या व्याख्येचे मर्म तिच्या शेवटच्या भागात आहे. विधान असत्य असणे एवढ्याने भागत नाही. बोलणाऱ्याचे मन त्या वेळी काय म्हणत होते, हे पाहावे लागते. अंधुक प्रकाशात पाहिलेला माणूस गोविंदा होता असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटले, त्याने तसे सांगितले आणि पुढे तो गोविंदा नव्हता असे ठरले, तर तो साक्षीदार चुकला. खोटे बोलला नाही. मनुष्याची नजर चुकते, स्मृती दगा देते. त्याबद्दल तुरुंग दाखवू लागलो, तर साक्ष द्यायला कोणी पुढे येणार नाही.

व्याख्येखाली जी उदाहरणे दिली आहेत, ती कोणीही वाचावीत अशी आहेत. त्यांपैकी तीन येथे पाहू.

पहिल्यात, क हा य ची अक्षराची ढब ओळखतो. एक सही पाहून तो शपथेवर सांगतो, ‘ही य ची असावी असे मला वाटते.’ त्याला खरोखरच तसे वाटते. पुढे ती सही य ची नव्हती असे निघाले, तरी क ने खोटी साक्ष दिलेली नाही. त्याने आपल्या समजुतीविषयी विधान केले होते आणि समजुतीविषयी ते खरेच होते.

दुसरे याच्या नेमके उलट आहे. अमुक दिवशी य कोठे होता याची क ला काडीमात्र माहिती नाही. तरी तो शपथेवर सांगतो, ‘य त्या दिवशी अमुक ठिकाणी होता, हे मला माहीत आहे.’ आता समजा, योगायोगाने य खरोखरच तेथे होता. तरीही क ने खोटी साक्ष दिली आहे! कारण ‘मला माहीत आहे’ हेच त्याचे विधान खोटे आहे.

पहिल्या उदाहरणात गोष्ट खोटी निघूनही गुन्हा होत नाही. दुसऱ्यात गोष्ट खरी निघूनही गुन्हा होतो. कायदा साक्षीदाराकडून सर्वज्ञतेची अपेक्षा करीत नाही. जे पाहिले ते पाहिले म्हणावे, जे ऐकले ते ऐकले म्हणावे, जे वाटते ते वाटते म्हणावे आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे, एवढीच त्याची मागणी आहे. शपथेने माणूस बांधला जातो तो स्वतःच्या जाणिवेशी.

तिसरे उदाहरण आपल्या नित्याच्या व्यवहाराला अधिक झोंबणारे आहे. ख चे य कडे हजार रुपये खरोखरच येणे आहे. दावा न्याय्य आहे, पण पुरावा तोकडा आहे. अशा वेळी क पुढे येऊन शपथेवर सांगतो, ‘हे येणे बरोबर असल्याचे य ने माझ्या देखत कबूल केले.’ वास्तविक त्याने तसे काही ऐकलेले नाही. येथेही क गुन्हेगारच ठरतो. आपल्याकडे खेड्यात आणि शहरातही ‘बाजू खरी आहे ना, मग एक साक्ष देऊन टाक’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मित्रासाठी, भावकीसाठी, कधी खऱ्याखुऱ्या अन्यायाची चीड येऊन माणसे न पाहिलेले ‘पाहिले’ म्हणून सांगतात. पण खरी बाजूही खोट्या साक्षीने उभी केली, की उलटतपासणीत ती साक्ष कोसळते आणि तिच्याबरोबर खऱ्या बाजूवरचा विश्वासही ढळतो. खऱ्या माणसाचे नुकसान त्याच्या हितचिंतकाकडूनच होते, ते असे.

‘नरो वा कुंजरो वा’

येथे धर्मराजाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. ‘अश्वत्थामा मेला’ हे शब्दशः खरे होते. परंतु द्रोणांनी त्यातून आपला पुत्र मेला असा अर्थ घ्यावा, अशाच बेताने ते उच्चारले गेले. असे शब्दाने खरे आणि हेतूने खोटे विधान कायद्यात काय ठरेल?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७३ साली जवळजवळ हाच प्रश्न आला. चित्रपटनिर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांच्या कंपनीच्या दिवाळखोरीची चौकशी चालू असताना त्यांना शपथेवर विचारण्यात आले, ‘स्विस बँकेत तुमचे खाते आहे काय?’ ते म्हणाले, ‘नाही.’ ‘पूर्वी कधी होते काय?’ यावर त्यांनी उत्तर दिले, ‘कंपनीचे खाते झुरिचमध्ये सुमारे सहा महिने होते.’ हे अक्षरशः खरे होते. परंतु त्यांचे स्वतःचे खाते पूर्वी जवळजवळ पाच वर्षे होते, ते त्यांनी सांगितले नाही; आणि ऐकणाऱ्याचा समज झाला, की स्वतःचे खाते कधीच नव्हते. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने ती शिक्षा रद्द केली. विधान शब्दशः खरे असेल तर ते दिशाभूल करणारे असले तरी खोटी साक्ष होत नाही; उत्तर टाळले जात आहे हे ओळखून पुन्हा नेमका प्रश्न विचारणे हे वकिलाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि सर्वांना तो पटेल असेही नाही. आपल्याकडे साक्षीदार सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याखेरीज काही नाही, असे सांगण्याची शपथ घेतो. ‘संपूर्ण’ हा शब्द पळवाटा बुजविण्यासाठीच तेथे आहे. तथापि आपल्याही व्याख्येत गुन्ह्याला असत्य विधान लागतेच. म्हणजे शपथ मागते पुष्कळ, पण शिक्षा देता येते ती थोड्यालाच. मधले अंतर भरून काढण्यासाठी कायद्याने उलटतपासणीचे शस्त्र दिले आहे. त्यापलीकडे उरते ती साक्षीदाराची सदसद्विवेकबुद्धी.

कोण या कक्षेबाहेर?

दोन अपवाद नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला आरोपीचा. खटल्याच्या ओघात न्यायाधीश आरोपीला पुराव्याविषयी प्रश्न विचारतात, तेव्हा त्याला शपथ दिली जात नाही. त्याने उत्तर दिले नाही किंवा खोटे उत्तर दिले, तरी त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, हे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदातील तत्त्व यामागे आहे. मात्र आरोपी स्वखुशीने बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात आला, तर तो इतरांसारखाच शपथेने बांधला जातो.

दुसरा अपवाद पोलिसांपुढच्या जबाबाचा. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, तो शपथेवर नसतो आणि त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. त्यामुळे साक्षीदार कोर्टात ‘मी असे सांगितलेच नव्हते’ म्हणाला, तर त्याला फितूर ठरविता येते. पण तेवढ्यावरून त्याने शपथेवर खोटे सांगितले असे सिद्ध होत नाही. कदाचित आधीचा जबाबच चुकीचा लिहिला गेला असेल. तोच जबाब न्यायदंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर झाला असेल, तर गोष्ट निराळी. एकदा शपथेवर ‘त्याने काठीने मारले’ आणि नंतर सत्र न्यायालयात शपथेवर ‘त्याने मारलेच नाही’ असे सांगणाऱ्यावर पर्यायी आरोप ठेवता येतो. दोहोंपैकी कोणते विधान खोटे हे सिद्ध झाले नाही, तरी दोष शाबीत होऊ शकतो. दोन्ही खरी असू शकत नाहीत, एवढे पुरते.

शिक्षा आहे, पण होत का नाही?

न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी आज तरतूद आहे. एखाद्याला मृत्युदंडाच्या गुन्ह्यात अडकविण्यासाठी खोटी साक्ष दिली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि त्या साक्षीमुळे निरपराध माणूस खरोखरच फाशी गेला, तर साक्षीदारालाही मृत्युदंड होऊ शकतो. ही कठोरता अवाजवी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टायटस ओट्स नावाच्या इसमाने राजाच्या खुनाचा कॅथलिक कट रचला गेल्याची कपोलकल्पित हकीकत शपथेवर सांगितली आणि तिच्या आधारे कित्येक निरपराधांना देहदंड झाला. १६८५ साली ओट्सवर खोट्या साक्षीबद्दल दोष शाबीत झाला. पण गेलेले जीव परत येणार नव्हते.

दिवाणी दाव्यातील खोटेही सुटत नाही. ज्यांच्या कादंबऱ्या आपल्याकडेही आवडीने वाचल्या जातात, त्या जेफ्री आर्चर यांनी १९८७ साली एका वृत्तपत्राविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा जिंकून पाच लाख पौंड मिळविले होते. त्या दाव्यातील खोटेपणा पुढे उघड झाला आणि २००१ साली त्यांना चार वर्षांची कैद झाली.

मग आपल्याकडे अशा शिक्षा क्वचित का? पहिले कारण कार्यपद्धतीचे आहे. खोट्या साक्षीबद्दल सामान्य माणसाला परस्पर फिर्याद करता येत नाही. ज्या न्यायालयापुढे ती दिली गेली, त्यानेच प्राथमिक चौकशी करून, न्यायाच्या हितासाठी कारवाई आवश्यक आहे असे मत झाल्यास, लेखी तक्रार करावी लागते. पक्षकार फक्त तसा अर्ज करू शकतो. हे बंधन सहेतुक आहे. ते नसते तर हरलेल्या प्रत्येक पक्षाने जिंकलेल्याच्या साक्षीदारांवर सूड म्हणून फिर्यादी ठोकल्या असत्या. दुसरे कारण, मनातील जाणीव सिद्ध करणे मुळातच कठीण. तिसरे, कामाने वाकलेल्या न्यायालयाला एका खटल्यातून दुसरा खटला काढण्याची उमेद नसते. निकालाच्या वेळीच संक्षिप्त रीतीने तीन महिन्यांपर्यंत कैद देण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला आहे; त्याचाही वापर विरळाच.

शिवाय साक्षीतील एक भाग खोटा ठरला म्हणून सगळी साक्ष फेकून द्यावी, असा आपल्याकडे नियम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच स्पष्ट केले आहे. दाणे आणि भूस वेगळे करण्याचे काम न्यायाधीशाने करायचे असते. पण भूस पाखडून टाकण्याची सवय झाली, की ते कोणी मिसळले याची चौकशी मागे पडते.

सर्वांत अवघड कारण भीतीचे आहे. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यातील बेस्ट बेकरीवर हल्ला होऊन चौदा जणांचे प्राण गेले. खटल्यातील प्रमुख साक्षीदार तरुणीने न्यायालयात आरोपींना ओळखले नाही आणि २००३ साली सर्व आरोपी सुटले. नंतर तिने धमक्यांमुळे खोटे बोलल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली खटला महाराष्ट्रात नव्याने चालविण्याचा आदेश दिला. पण मुंबईत ती पुन्हा उलटली. अखेर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड ठोठावला. दरम्यान मुंबईच्या न्यायालयाने नऊ आरोपींना दोषी ठरविले होते. त्यांपैकी चौघांची शिक्षा उच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली, ती मुख्यतः बेकरीतील जखमी कामगारांच्या साक्षीवर. ज्यांनी स्वतःच्या अंगावर घाव सोसले, त्यांनी पिंजऱ्यात उभे राहून जे पाहिले ते सांगितले, म्हणून न्याय काही अंशी तरी होऊ शकला.

या प्रकरणाने दोन गोष्टी शिकविल्या. खोटी साक्ष देणारा शिक्षेस पात्र आहेच. पण ज्याला खरे बोलल्यास जिवाची भीती आहे, त्याच्यासमोर केवळ शिक्षेचा धाक उभा करून भागत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना करण्यास सांगितले आहे. खरे बोलण्याचे कर्तव्य नागरिकाचे असेल, तर ते निर्भयपणे बजावता येण्याची व्यवस्था करणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.

आपल्या सहीचे मोल

शेवटी आपल्या अगदी जवळची गोष्ट. उत्पन्नाचा दाखला, नावातील बदल, शिक्षणात पडलेला खंड अशा किती तरी कामांसाठी विद्यार्थी प्रतिज्ञापत्रे करतात. टंकलेखकाकडे मजकूर तयारच असतो. नाव-गाव भरायचे, सही करायची आणि पुढच्या रांगेत उभे राहायचे. त्या कागदाच्या शेवटी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे’ असे वाक्य असते. ते कोणी वाचत नाही. पण वर पाहिलेला सारा विचार त्या दोन शब्दांत आला आहे. ‘माहिती’ म्हणजे जे मला स्वतःला ठाऊक आहे ते, आणि ‘समजूत’ म्हणजे जे मला सकारण खरे वाटते ते. दिवाणी न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रांबाबत तर नियमच असा, की त्यात स्वतःच्या माहितीतील गोष्टीच असाव्यात. जेथे समजुतीला मुभा आहे, तेथेही तिचा आधार लिहावा. निवडणुकीच्या उमेदवाराने मालमत्तेविषयी किंवा गुन्ह्यांविषयी प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिले, तर २००२ पासून त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सहीचे बंधन विद्यार्थ्याला आणि पुढाऱ्याला एकच आहे.

दिव्याच्या काळी खोट्याचा निवाडा देवावर सोपविलेला होता. आज तो न्यायाधीशावर सोपविलेला आहे, आणि न्यायाधीशाला त्या दिवशी, त्या ठिकाणी काय घडले ते पाहायला डोळे नाहीत. साक्षीदार पाहतो तेवढेच त्याला दिसते. म्हणून साक्षीदाराने खोटे सांगितले, तर केवळ एका पक्षाचे नुकसान होत नाही; न्यायाधीशाचे डोळेच बांधले जातात. कायदा आपल्याकडे विद्वत्ता मागत नाही, धाडसही फार मागत नाही. ‘मी पाहिले’, ‘मला वाटते’ आणि ‘मला माहीत नाही’ या तीन वाक्यांतले योग्य ते वाक्य योग्य जागी वापरावे, एवढेच तो मागतो. यांतले तिसरे वाक्य उच्चारायला सर्वांत जड जाते, आणि बहुतेक खोट्या साक्षींचा उगम ते न उच्चारण्यात असतो.